पाच चेहरे, चौदा महिने: ऑफिसातल्या सर्व्हे ॲपचा अनुभव

आधीच सांगते, हे ॲप मी हौसेने घेतलेलं नाही. कंपनीने घेतलं, आमच्या फोनवर टाकायला लावलं, आणि गेले चौदा महिने दर शुक्रवारी दुपारी चार वाजता ते मला विचारतं, "या आठवड्यात कामावर कसं वाटलं?" खाली पाच चेहरे. डावीकडे रडका लाल, उजवीकडे हसरा हिरवा. अशा ॲपबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक एचआरवाल्यांनी नाहीतर मालकांनी लिहिलेलं असतं, म्हणजे ज्यांना डॅशबोर्ड, सगळ्यांच्या उत्तरांचा एकत्रित तक्ता, दिसतो त्यांनी. चेहऱ्यावर बोट ठेवणाऱ्या माणसाने लिहिलेलं मला तरी कुठे सापडलं नाही, म्हणून हा खटाटोप. ॲपचं नाव घेत नाही. अशी बरीच आहेत, आणि माझं भांडण ॲपशी थोडंच आहे.

मी कस्टमर सपोर्टला आहे. रुजू झाले तेव्हा कंपनीत ३५ माणसं होती, आता १६० आहेत. ऐकायला साडेचारपट. पण माणसामाणसांतल्या जोड्या मोजल्या तर ३५ जणांत ५९५ होतात आणि १६० जणांत १२,७२०. पूर्वी काही बिनसलं की थेट मालकांच्या टेबलाशी जाऊन "सर, हे असं चालणार नाही" म्हणता यायचं. ते चिडायचे, पण दुसऱ्या दिवशी काहीतरी हलायचं. आता त्यांच्या आणि माझ्यामध्ये टीम लीड, मॅनेजर आणि ऑपरेशन्स हेड अशी तीन माणसं आहेत. तिघंही स्वभावाने चांगली आहेत, हे तर आणखी अवघड. रागवायचं कुणावर?

तक्रारी तशा जगावेगळ्या नाहीत. सोमवारपासूनचं रोस्टर, म्हणजे कुणाची कुठली पाळी याचं वेळापत्रक, रविवारी रात्री यायचं. अप्रेझल 'पुढच्या क्वार्टरला' गेलं ते तिथेच राहिलं. दर महिन्याला दोन-तीन नवीन मुलं यायची, त्यांना शिकवायचं जुन्यांनी, आणि जुन्यांचं रोजचं तिकिटांचं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं, टार्गेट मात्र तेवढंच. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं लावली की काम आणखी लांबतं, हे सॉफ्टवेअर अभियंते फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय. आमचं काम सॉफ्टवेअर लिहिण्याचं नाही, पण भरती झाली की पहिले दोन महिने आमचा क्यू, म्हणजे थांबलेल्या तिकिटांची रांग, वाढतो, कमी होत नाही. वर दरवेळी याचं आश्चर्य व्यक्त होतं.

आणि टीम लीड. तो आमच्यातलाच, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. सगळ्यात अवघड तिकीट त्याच्याकडे जायचं आणि सुटून यायचं. म्हणून त्याला लीड केला. आता दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसतो आणि रात्री घरून गुपचूप तिकिटं सोडवतो, कारण त्याला मनापासून आवडतं ते तेच. चांगला कारागीर गेला आणि बुजरा मुकादम मिळाला. माणसांशी कसं बोलायचं हे त्याला कुणी शिकवलंही नाही, बिचाऱ्याला दोष काय द्यायचा!

अशा वेळी ॲप आलं. सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं, आता तुमचा आवाज थेट वरपर्यंत पोचेल, नावाशिवाय. मला खरंच बरं वाटलं होतं. पहिले काही आठवडे मी मन लावून भरलं. आठवड्याला पाच प्रश्न, शेवटी कॉमेंटसाठी एक चौकोन, सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. बॅटरी खात नाही, अडकत नाही. सुट्टीवर असतानाही विचारतं, तेवढं एक सोडलं तर वापरायला सुटसुटीत.

मराठी अनुवाद मात्र कुणी वाचून पाहिला असेल असं वाटत नाही. एक प्रश्न आहे, 'तुम्ही तुमच्या कामात गुंतलेले आहात का?' त्यांना म्हणायचंय, जीव रमतो का, झोकून देऊन काम करता का. आम्ही वाचतो ते असं, की हातातली चाळीस तिकिटं बाजूला ठेवून उठता येतं का? येत नाही. गुंतलोय की! सगळे हिरवं बटण दाबतात. या प्रश्नावर आमची टीम कायम पहिली असते.

दुसरा एक प्रश्न महिन्यातून एकदा येतो: 'ऑफिसात तुमची जिवलग मैत्रीण किंवा मित्र आहे का?' हा गॅलप या सर्वेक्षण कंपनीच्या प्रसिद्ध बारा प्रश्नांतला आहे, तिथून यांनी उचललेला. विचारण्यामागे कारण आहे, मैत्री असली की माणूस टिकतो. माझी मैत्रीण तिसऱ्या महिन्यात नोकरी सोडून गेली. सलग तीन आठवडे रोस्टर आयत्या वेळी बदललं आणि घरचं काही जमेना, म्हणून गेली. त्यानंतर अकरा वेळा ॲपने मला तो प्रश्न विचारलाय. मी अकरा वेळा 'नाही' दिलंय. पुढे काहीही होत नाही, लगेच पुढचा प्रश्न येतो.

आता निनावीपणाचं सांगते, कारण सगळ्यांना विचारायचं असतं ते हेच. ॲप निनावी नाही, गोपनीय आहे, आणि या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मला हे कळलं आठवणीच्या मेसेजवरून. सोमवारी सकाळी 'तुम्ही अजून सर्व्हे भरलेला नाही' असा मेसेज फक्त न भरलेल्यांनाच जातो. म्हणजे कुणी भरला ते यंत्राला माहीत आहे. मॅनेजरला नाव दिसत नाही, हे खरं. पाचपेक्षा कमी लोकांच्या गटाचे आकडे ॲप दाखवत नाही, हेही खरं. पण 'एक वर्षाहून जुने' असा फिल्टर लावता येतो. नऊ जणांच्या शिफ्टमध्ये आठ जुने असले की नवव्याचं उत्तर साध्या वजाबाकीने निघतं. कुणी मुद्दाम काढत असेल असं मी म्हणत नाही. निघतं, एवढंच.

माझ्या बाबतीत तर वजाबाकीही लागली नाही. मी कॉमेंट लिहिली होती, 'रोस्टर निदान शुक्रवारी तरी मिळावं.' सोमवारी लीड माझ्या टेबलाशी आला, हसत म्हणाला, "निदान तरी, हो ना गं?" मी बोलताना दर दुसऱ्या वाक्यात 'निदान' म्हणते, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने चिडून विचारलं नव्हतं, खरं तर गंमतच केली. पण पुढचे दोन महिने माझा चौकोन रिकामा गेला.

मग आठाचा किस्सा. दर तिमाहीला एक वेगळा प्रश्न असतो: 'ओळखीच्या माणसाला इथे नोकरी करायला सुचवाल का?' शून्य ते दहा गुण द्यायचे. ही पद्धत मुळात ग्राहकांसाठी होती, २००३ साली व्यवस्थापन सल्लागार फ्रेड रायकेल्ड यांनी ती मांडली, नंतर ती कर्मचाऱ्यांनाही लावली गेली. हिशोब असा, की नऊ आणि दहा देणाऱ्यांच्या टक्क्यांतून शून्य ते सहा देणाऱ्यांचे टक्के वजा करायचे. सात आणि आठ देणारे एकूण संख्येत असतात, पण ना या बाजूला धरले जातात ना त्या. आता आपल्याकडे कुणी आठ दिले तर ते भरभरून दिलेले असतात, शाळेत दहापैकी आठ मिळाले की आपण खूश असायचो. मार्चमध्ये सर्व्हेच्या आदल्या दिवशी लीड शिफ्टसमोर उभा राहिला, मान खाली, वरून आलेला निरोप पोचवल्यासारखा. "आठ देऊ नका रे. आठाचा काही उपयोग नाही. द्यायचेच असतील तर नऊ द्या." कुणीतरी मागून विचारलं, "आणि चार द्यायचे असतील तर?" तो म्हणाला, "मग मला आधी सांगा."

त्याचंही चुकत नव्हतं. त्या तिमाहीपासून लीड लोकांच्या बोनसमध्ये हा आकडा धरायला सुरुवात झाली होती. मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं, हा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम १९७५ पासूनचा आहे. आमचा आकडा १२ वरून ४१ वर गेला. मोठ्या स्क्रीनवर दाखवला, टाळ्या झाल्या. त्याच तिमाहीत आमच्या पंधरातले चौघं सोडून गेले. आणि सर्व्हे भरणारे, जे सुरुवातीला दहातले नऊ असायचे, ते निम्म्यावर आले होते. हा दुसरा आकडाही डॅशबोर्डवर असतो म्हणे, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. स्क्रीनवर तो नव्हता.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडली नवव्या महिन्यात. लीड रजेवर होता म्हणून ऑपरेशन्स हेड मॅडमनी स्वतः आमच्या कॉमेंट्स उघडल्या. ॲपमध्ये प्रत्येक कॉमेंटखाली 'उत्तर द्या' असं बटण आहे. लिहिणारा कोण हे न कळता त्याला उत्तर पोचतं, बाकी टीमलाही दिसतं. नऊ महिन्यांत ते कुणी दाबलं नव्हतं. असं बटण आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. मॅडमनी रोस्टरच्या कॉमेंटखाली लिहिलं: 'रोस्टर पुढच्या आठवड्यापासून गुरुवारी देऊ. शनिवार-रविवारची अदलाबदल मात्र दोन महिने जमणार नाही, माणसं कमी आहेत.' अक्षरशः दोन ओळी. गुरुवारी रोस्टर आलं. अदलाबदल झाली नाही आणि त्यावरून कुणी कुरकुरही केली नाही. 'नाही' सुद्धा चालतं हो. कारणासकट आणि वेळेवर आलं म्हणजे झालं.

पुढच्या शुक्रवारी चौकोन ओसंडून वाहिला. रिकामा ठेवणाऱ्यांनी लिहिलं, भरणं सोडलेले परत आले. शिकवण्याचा वेळ टार्गेटमध्ये धरा, अप्रेझलची तारीख सांगा, रात्रपाळीनंतर लगेच सकाळची पाळी लावू नका. चेहरेही खरे दाबले गेले. आणि तिमाहीचा आकडा ४१ वरून ६ वर आला.

माझ्या मते चौदा महिन्यांतला तो सगळ्यात चांगला आकडा. गप्प बसलेली माणसं बोलायला लागली की गुण पडणारच, साचलेलं बाहेर येतं. पण वर त्याचा अर्थ लागला तो असा, की उत्तरं दिल्यामुळे लोक बिघडले. आता 'उत्तर द्या' बटण दाबण्याआधी मंजुरी घ्यावी लागते. मॅडमनी नंतर कधी उत्तर दिलेलं दिसलं नाही. विचारून ऐकायचं नाही, त्यापेक्षा विचारलंच नसतं तर बरं, असं मला तेव्हापासून वाटायला लागलंय. न विचारणाऱ्या कंपनीत निदान आशा तरी असते, की विचारलं तर ऐकतील.

एक गोष्ट राहिली, ती मला सगळ्यात जास्त खुपते. लागोपाठ तीन आठवडे लाल चेहरा दाबला की ॲप एक व्हिडिओ दाखवतं, 'डोळे मिटा आणि तीन दीर्घ श्वास घ्या.' शुक्रवारी चार वाजता क्यूमध्ये साठ तिकिटं उभी असतात, डोळे मिटले की पासष्ट होतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलंच नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे बिघाड कामाच्या ठिकाणचा आहे, माझ्या फुफ्फुसांचा नाही. याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेला अंदाज असा, की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. भरतीच्या महिन्यांत माझे तास तिथवर जातात. हजेरीच्या सिस्टीममध्ये ते तास आहेतच. ॲपने ते पाहावेत, मला श्वास मोजायला लावू नये.

तुमच्या ऑफिसात असं ॲप येणार असेल तर पहिल्याच बैठकीत विचारा, कॉमेंटला उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत. आकडा कुणाच्या बोनसला बांधलाय का, हेही विचारा. ही दोन उत्तरं मिळाली की ॲप कुठलं घेतलंय याने फारसा फरक पडत नाही. तारे द्यायचेच तर ॲपला साडेतीन. अर्धा कापलाय तो 'गुंतलेले'साठी, एक श्वासांसाठी.

मी अजून भरते. रोस्टर अजून गुरुवारी येतं, ते मात्र टिकलं. आणि गेल्या महिन्यापासून आमच्या शिफ्टमध्ये एक नवीन प्रकार सुरू झालाय, कुणी सुरू केला ते ठाऊक नाही. परवा लीड फोन घेऊन माझ्याकडे आला. अकरा कॉमेंट्स होत्या. अप्रेझल निदान जूनमध्ये तरी करा. खुर्च्या निदान तुटलेल्या तरी नकोत. निदान नवीन मुलांना तरी आठवडाभर तिकिटं देऊ नका. अकरापैकी सातात 'निदान'.

"आता यातली तुझी कुठली?" त्याने विचारलं.

"शोध," मी म्हटलं.