आठ महिने मोफत जैवविविधता कॅल्क्युलेटर वापरल्यावर: आधी लॉग कुठला ते विचारा

मार्चच्या ग्रामसभेत मी उभं राहून सांगितलं की आपल्या पाझर तलावावरच्या पक्ष्यांची विविधता डिसेंबर ते फेब्रुवारीत १.७५ वरून १.२७ वर आली आहे. जानेवारीत कोरड्या काठाकडून गाळ काढायला सुरुवात झाली होती, तेव्हा सगळ्यांचं बोट जेसीबीकडे गेलं. सरपंचांनी काम थांबवलं. अकरा दिवस यंत्र काठावर उभं होतं. रस्त्यात भेटेल तो शेतकरी विचारायचा, "मॅडम, गाळ उचलायचा कधी? पाऊस पडल्यावर?"

बाराव्या दिवशी कळलं की विविधता घटलीच नव्हती. डिसेंबरचा शॅनन निर्देशांक (जाती किती आणि पक्षी त्यांच्यात किती समान वाटलेले, हे एका आकड्यात सांगणारं विविधतेचं माप) मी एका साइटवर काढला होता आणि फेब्रुवारीचा दुसऱ्या, कारण पहिली त्या दिवशी उघडत नव्हती. या मापाच्या सूत्रात लॉगरिदम, म्हणजे लॉग, घ्यावा लागतो. पहिली साइट लॉग २ (पाया २) वापरते, दुसरी नैसर्गिक लॉग (पाया ई, म्हणजे सुमारे २.७१८). डिसेंबरचीच मोजणी दुसऱ्या साइटवर टाकली तर १.२१ आलं. म्हणजे फेब्रुवारीचा आकडा किंचित वरच होता. पुढच्या सभेत हे सांगितलं, माफी मागितली, काम सुरू झालं. पण गाळाच्या हंगामातले अकरा दिवस माझ्या आकड्यामुळे वाया गेले, आणि तो आकडा देणाऱ्या पानावर लॉगचा पाया कुठेही लिहिलेला नव्हता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. निसर्ग मंडळाची नववीची मुलं दर हिवाळ्यात पक्षी मोजतात. आमची डिसेंबरची मोजणी देते: वारकरी १२०, हळदीकुंकू बदक ४०, शेकाट्या २०, टिबुकली १०, राखी बगळा ६, नदी सुरय २, चित्रबलाक १, तुतवार १. एकूण २०० पक्षी, आठ जाती. यावर शॅनन काढा. नैसर्गिक लॉगने १.२१ येतो, लॉग २ ने १.७५, लॉग १० ने ०.५३. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. तलाव तोच, सकाळ तीच, पक्षी तेच.

लॉग २ आला कुठून तेही शोधलं. क्लॉड शॅननने १९४८ मध्ये हे सूत्र मांडलं ते संदेशवहनासाठी. तिथे माहिती बिटमध्ये मोजतात, म्हणून पाया २. परिसंस्थाशास्त्रात पुढे नैसर्गिक लॉग रुळला. जुन्या लेखांत मात्र तिन्ही पाये भेटतात. स्प्रेडशीटमध्ये तर वेगळीच गंमत होते: नुसतं लॉग हे फंक्शन टाकलं आणि पाया दिला नाही, तर ते १० धरतं. नैसर्गिक लॉगसाठी एलएन लागतं. आमच्या दोन मुलींनी घरून ०.५३ आणला तो यामुळेच. मी त्यांचं उत्तर चूक म्हणून खोडलं होतं. तेही मागे घ्यावं लागलं.

त्या पहिल्या साइटला मी तीन मेल पाठवले. उत्तराशेजारी "लॉगचा पाया २" एवढंच लिहा, ही मागणी होती. तिसऱ्या मेलला एका ओळीचं उत्तर आलं की सूत्र बरोबर आहे. सूत्र बरोबर आहे हे मलाही माहीत आहे! पान मोफत आहे, चालवणाऱ्याला त्यातून पैसे मिळत नसतील, हे मी समजू शकते. पण एक ओळ लिहायला पैसे लागत नाहीत, आणि ती नसल्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

दुसऱ्या साइटचाही एक दोष सांगायला हवा. एका मुलाने मोबाइलवर मराठी कळफलक ठेवूनच आकडे भरले. पडद्यावर १२० दिसत होता, तरी साइटने तो आकडा मानलाच नाही. चूक दाखवली नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. वारकऱ्यांची पूर्ण ओळ गाळून उरलेल्या सात जातींचं उत्तर देऊन मोकळी. तलावावरचे निम्म्याहून जास्त पक्षी गायब. तेव्हापासून उत्तराआधी एकूण संख्या बघायची, ती २०० नसेल तर पुढे जायचं नाही, असा नियम केला आहे. एकूण संख्याच न दाखवणाऱ्या साइट वापरणं बंद केलं.

एप्रिलपर्यंत माझं मत झालं होतं की ही सगळी मोफत साधनं टाकून द्यावीत आणि वहीत आकडेमोड करावी. ते मत बदललं आयनेक्स्ट ऑनलाइनमुळे. तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे साधन ब्राउझरमध्येच चालतं. ते निर्देशांकाऐवजी हिल संख्या देतं. मार्क हिल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या या संख्यांमध्ये शॅननचं उत्तर पुन्हा घातांकात नेतात, आणि तिथे माझं भांडणच संपलं. ई चा १.२१ वा घात, २ चा १.७५ वा घात, १० चा ०.५३ वा घात: दशांशांची काटछाट सोडली तर तिन्ही ३.३६ च्या आसपास येतात. पाया कुठला होता याने काही फरक पडत नाही.

मी ते फळ्यावर तीनदा करून पाहिलं. शिवाय हा आकडा सभेत सांगता येतो. आठ जाती दिसल्या, पण वारकऱ्यांचीच गर्दी असल्यामुळे तलावाची विविधता सारख्या संख्येच्या जेमतेम साडेतीन जातींएवढी आहे, असं म्हटलं की समोरच्याला कळतं. १.२१ म्हटलं की कुणालाच काही कळत नाही, मार्चमध्ये मलाही कळलं नव्हतं. आणि कमीजास्त पक्षी मोजले गेलेल्या दोन दिवसांची तुलना करायची तर आयनेक्स्टचा आलेख दोन्ही मोजण्या सारख्या संख्येवर आणून दाखवतो. फेब्रुवारीत आम्ही डिसेंबरपेक्षा बरेच जास्त पक्षी मोजले होते, ही बाब मी आधी विचारातच घेतली नव्हती.

चाओ-१ बाबतही सावध राहा. न दिसलेल्या जाती धरून एकूण किती असतील याचा हा अंदाज, एकुलत्या (एकच पक्षी दिसलेल्या) आणि जोडीच्या (दोनच पक्षी दिसलेल्या) जातींवरून काढतात. आमच्या यादीत एकुलत्या दोन, जोडीची एक. मूळ सूत्राने १० जाती येतात, सुधारित सूत्राने साडेआठ. कुठलं वापरलं ते न सांगणारी साइट पुन्हा तेच करते. आणि थव्याने बसणारे पक्षी असतील तर हा अंदाज तसाही जपूनच घ्यावा.

जिओकॅट थोडंच वापरलं, एका माजी विद्यार्थिनीच्या कंदीलपुष्पाच्या नोंदींसाठी. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचं हे साधन नकाशावर नोंदींचे ठिपके टाकले की ते किती चौकोनांत पडतात यावरून जातीची व्याप्ती काढून देतं. चौकोन किती किलोमीटरचा ते ठरवणं आपल्या हातात असतं, धोक्यातल्या जातींची लाल यादी करणाऱ्या आययूसीएन या संस्थेचं प्रमाण २ किलोमीटर. चौकोन बदलला की उत्तर बदलतं, पण काय बदललं ते समोर दिसतं. मला एवढंच हवं असतं. फक्त क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या आत आलं म्हणून जात लगेच 'संकटग्रस्त' ठरत नाही, घट किंवा तुटक अधिवास यांसारख्या अटीही लागतात, हे तिला सांगावं लागलं.

इंटरनेट दगा देतं तेव्हा शाळेच्या जुन्या संगणकावर पास्ट नावाचं सॉफ्टवेअर आहे. ऑनलाइन नाही, पण फुकट आहे आणि शॅनन नैसर्गिक लॉगनेच काढतं. विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचा विचार केला होता, पण मंडळाचे पैसे वह्या आणि दुर्बिणींच्या दुरुस्तीतच संपतात, आणि वरच्या साधनांनंतर ते घेण्याचं कारणही उरलं नाही.

कुठलीही नवी साइट वापरण्याआधी आमचे डिसेंबरचे आठ आकडे टाकून पाहा. १.२१ आला तर नैसर्गिक लॉग, १.७५ आला तर लॉग २, ०.५३ आला तर लॉग १०. चौथंच काही आलं तर एखादी ओळ गळली आहे. वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून हा कागद चिकटवला आहे, खाली रकाना आहे: साइटचं नाव, तारीख, लॉग. या डिसेंबरची मोजणी तो रकाना भरल्याशिवाय कुणी साइटवर टाकणार नाही, असं मुलांनी स्वतःच खाली लिहून ठेवलं आहे.