सुधारित ल्युमिनॉल अभिकर्मक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वेस्टर्न ब्लॉटसाठी, म्हणजे पातळ पडद्यावर (मेम्ब्रेनवर) उतरवलेल्या प्रथिनांतून हवे ते प्रथिन अँटिबॉडीच्या मदतीने ओळखण्याच्या चाचणीसाठी, पॅरा-आयोडोफिनॉल हा एनहान्सर (प्रकाश वाढवणारा घटक) असलेले जुने, प्रकाश देणारे ल्युमिनॉल अभिकर्मक मी अनेक वर्षे वापरत होतो. गेले आठ महिने त्याऐवजी फिनोथायझिन गटातील एनहान्सर असलेले सुधारित अभिकर्मक वापरतो आहे. पहिलाच ब्लॉट पाहून मी ते परत करण्याच्या बेतात होतो. जेथे ठळक काळा बँड (प्रथिनाची जागा दाखवणारा पट्टा) यायला हवा तेथे मधोमध पांढरा, जळल्यासारखा पट्टा होता आणि बाकीचे मेम्ब्रेन करडे पडले होते. दोष अभिकर्मकाचा नव्हता. सवयीने मी दुय्यम अँटिबॉडी (प्रथिनाला चिकटलेल्या पहिल्या अँटिबॉडीला धरणारी, पेरॉक्सिडेज हे विकर म्हणजे एन्झाइम जोडलेली) १:५,००० या प्रमाणात घेतली होती, त्यामुळे बँडपाशी पेरॉक्सिडेज इतके साचले की मेम्ब्रेन कॅमेऱ्याखाली जाईपर्यंत तेथले ल्युमिनॉल संपून गेले होते. हेच प्रमाण १:५०,००० केल्यावर पार्श्वभूमी स्वच्छ झाली आणि पूर्वी कधीच न दिसलेला एक फिकट बँड स्पष्ट उमटला.

पेरॉक्सिडेज हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने ल्युमिनॉलचे ऑक्सिडीकरण करते, त्यातून उत्तेजित अवस्थेतील ३-अमिनोथॅलेट तयार होते आणि ते मूळ अवस्थेत येताना सुमारे ४२५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश बाहेर पडतो. मात्र थेट ल्युमिनॉलवर हे विकर मंद गतीने चालते. एनहान्सर स्वतः इलेक्ट्रॉन देऊन विकराला पुन्हा कामाला लावतो आणि ते इलेक्ट्रॉन नंतर ल्युमिनॉलकडून वसूल करतो. ही मध्यस्थी जितकी चोख, तितका प्रकाश अधिक.

तरीही मला खरा फायदा वाटला तो प्रकाश टिकण्याचा. पूर्वी अर्ध्या तासात तो इतका उतरे की दुसरे एक्सपोजर घेण्यात अर्थ नसे. आता दहा सेकंदांपासून दहा मिनिटांपर्यंतची मालिका निवांतपणे घेता येते.

काळजी मात्र जास्त घ्यावी लागते. एकदा अभिकर्मकाच्या दोन्ही बाटल्यांत (ल्युमिनॉलच्या आणि पेरॉक्साइडच्या) पिपेटची एकच टिप बुडवली गेली आणि आठवडाभरात दोन्ही द्रावणे निकामी झाली. बफरमध्ये सोडियम ॲझाइड राहिले तर पेरॉक्सिडेजच बंद पडते, हे तर जुन्या अभिकर्मकालाही लागू होते. मेम्ब्रेनचा कोपरा टिश्यूला टेकवून जादा द्रावण निथळले नाही, तर प्लास्टिकखाली त्याची थारोळी साचून डाग उमटतात.

ॲक्टिनसारख्या मुबलक प्रथिनांसाठी मी अजूनही जुनीच बाटली काढतो. तेथे नव्या अभिकर्मकाने बँड लगेच संतृप्त होतात आणि मोजमाप फसते.