ऑइल स्प्रे सोडला, त्याला दोन पावसाळे झाले

मालवणात समुद्रापासून पाच मिनिटांवर घर, पत्र्याची शेड आणि शेडमध्ये आठ वर्षांची हॅचबॅक. दर मे महिन्यात गाडी रॅम्पवर चढवायची, जळकं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून खालून फवारून घ्यायचं आणि जूनला निर्धास्त व्हायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. गाडीचा पत्रा त्यानं टिकला, हे कबूल. पण पुढच्या लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) बुश (त्याच्या टोकाला धातूच्या नळीत बसवलेलं रबर) दोनदा बदलावे लागले आणि दोन्ही वेळा मी खड्ड्यांना शिव्या घातल्या.

दुसऱ्या वेळी मिस्त्रीनं निघालेला बुश माझ्या हातात ठेवला. "काकानू, ह्या बघा, बोटान दाबला तरी आत जाता." रबर कडेनं फुगून नळीबाहेर आलेलं, वरून चिकट, नख मारलं की काळा लगदा नखात. खड्ड्यानं रबर फाटतं, फुगत नाही. बुशमध्ये बहुतेक नैसर्गिक रबर असतं, कारण सतत पीळ खाऊनही ते लवकर थकत नाही. मात्र डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल ते स्पंजासारखं शोषतं. दारांच्या बीडिंगचं, म्हणजे कडेच्या पट्टीचं, रबर वेगळं, उन्हापावसाला चिवट. तेलाचं वावडं त्यालाही आहेच. म्हणजे लोखंड वाचवायला जे फवारत होतो, तेच रबराला खात होतं.

म्हणून गेल्या वर्षीच्या मे महिन्यात दोन्हींचं औषध वेगळं केलं. लोखंडाला मेणाचं कोटिंग (वाळून कडक न होणारं), रबराला सिलिकॉन: बीडिंगला स्प्रे, बाकी ठिकाणी बोटानं ग्रीस. काळं, जाड, कडक होणारं रबरी कोटिंग मुद्दाम टाळलं. आधीच्या गाडीला ते होतं. वरून अगदी नवंकोरं दिसायचं. एका जागी फुगा आला म्हणून स्क्रू-ड्रायव्हर लावला तर तळहाताएवढी खपली निघाली आणि मागे ओला, तांबडा गंज. चीर पडली की खारं पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही.

मेण मारण्याआधी गाडी खालून साध्या पाण्यानं दोनदा धुतली, दोन दिवस कडक उन्हात सुकवली, सुटा गंज तारेच्या ब्रशनं काढला. मीठ आत ठेवून वर मेण लावायचं तर न लावलेलं बरं. दाराखालच्या पट्टीत पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी केली. ब्रेक डिस्क प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधल्या. तरी एक फवारा सायलेन्सरवर गेलाच आणि कुडाळपर्यंत गाडीत विझलेल्या मेणबत्तीचा वास.

आता सतरा महिने आणि एकोणीस हजार किलोमीटरनंतरचा हिशेब. बीडिंगवर सिलिकॉन म्हणजे पैसे वसूल. आधी एप्रिलच्या दुपारी दार उघडताना रबर चरचरत सुटायचं, आता गुपचूप सुटतं. दोन महिन्यांतून एकदा फडक्यावर स्प्रे घेऊन पुसतो, दहा मिनिटांचं काम. बुशवर मात्र सिलिकॉनची फारशी जादू नाही. कुरकुर थांबते, तीन आठवड्यांनी परत येते. बुशमध्ये रबर नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. तिथं वंगण करणार काय? स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) रबरावर थोडा जास्त टिकाव लागतो.

बुश वाचला तो बहुधा दोन कारणांनी. तेल बंद झालं, आणि या वेळी आर्मचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवून आवळले. गाडी लिफ्टवर असताना चाकं लोंबकळतात, आर्म खाली झुकलेला असतो. तसाच बोल्ट आवळला की गाडी खाली येताच रबराला जो पीळ बसतो तो कायमचा, आणि त्यावर खड्ड्यांचा पीळ वेगळा. मिस्त्रीनं हे सांगितलं तेव्हा आधीच्या गॅरेजमध्ये गाडी वर टांगलेली असताना खटाखट आवळलेले नट आठवले.

मेण पत्र्याच्या सांध्यांत, स्प्रिंगच्या बैठकीत, बोल्टच्या डोक्यांवर छान टिकलंय. बोटानं पुसलं तर खाली धातू स्वच्छ दिसतो. पण पुढच्या चाकांमागे, जिथं वाळू आणि खडी उडून बसते, तिथं पहिल्याच पावसाळ्यात ते साफ निघालं. श्रावणात, उघडीप बघून, एकदा परत मारावं लागलं. शिवाय धूळ चिकटते, खालून गाडी कायम घाणेरडी दिसते. ज्यांना रॅम्पवरही चकचकीत गाडी हवी, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

डाव्या एक्सलच्या बूटला (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या जॉइंटवरचं, आत ग्रीस असलेलं घड्यांचं रबरी आवरण) अकराव्या महिन्यात चीर पडली. घडीत खडा अडकला असावा. सिलिकॉननं तो काही अडत नाही. ग्रीस लावायला फडकं घेऊन वाकलो म्हणून दिसली, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ताजे शिंतोडे होते. जॉइंटमध्ये वाळू शिरण्याआधी नुसता बूट बदलून भागलं. पंधरा दिवस उशीर झाला असता तर अख्खा एक्सल आला असता.

स्प्रेचे तीन कॅन संपले. मेणाचा डबा अर्धा शिल्लक आहे, तो दिवाळीच्या सुट्टीत मागच्या एक्सलच्या खालच्या कडेला मारायचाय. तिथं परवा तांबूस ठिपके दिसले.