डिसेंबरात नामिबियात शिकार? पैसे भरण्याआधी हे वाचा

इंदूर, महू, देवास भागात ज्यांच्या घरी जुनी परवान्याची रायफल आहे, अशा मराठी घरांत सध्या एका माणसाचे फोन जात आहेत. बोलणं गोड, मराठी चोख, पाव्हण्यारावळ्यांची नावं तोंडपाठ. तो नामिबियातल्या कायदेशीर शिकारीचं पॅकेज विकतो. माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे आप्पांचे, त्याने साडेचार लाख रुपये घेतले. आणखी कोणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आप्पांच्या आजोबांची नोकरी होळकरांच्या दरबारी. घरात शिकारीच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या, पण 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आपल्याकडे तो विषय संपला. कपाटात .30-06 बोअरची रायफल आहे. आप्पा तिला तेल लावतात, परवान्याचं नूतनीकरण वेळच्या वेळी करतात, बस्स. मला स्वतःला शिकार पटत नाही आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण जिथे कायद्याने मुभा आहे तिथे जाऊन, स्वतःच्या साठवणीतून, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एकदा हौस पुरी करावीशी वाटली तर त्याला कोणी लुबाडावं, हे मला त्याहून पटत नाही.

ओळख गणपतीच्या मंडपात झाली. "काका, तुमच्या घराण्याचं नाव ऐकून आहे," इथून सुरुवात. मग पलासियाच्या एका कॅफेत भेटी. तिथे त्याने टाकलेला डाव ऐका. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आठ चित्ते आपल्या कुनोत आले, हे मध्य प्रदेशात लहान मुलालाही माहीत आहे. हा म्हणाला, त्या करारामुळे मध्य प्रदेशच्या रहिवाशांना नामिबियाचं सरकार शिकारीचे खास परवाने देतं आणि त्यातले थोडेच उरलेत. चित्ते आल्याचं खरं, त्याच्या शेपटाला बांधलेलं सगळं खोटं. नामिबियात परदेशी माणसाला शिकार करता येते ती तिथल्या पर्यावरण मंत्रालयाकडे नोंदलेल्या गाइडच्या किंवा व्यावसायिक शिकाऱ्याच्या सोबतीने, परवाना काढून. त्यात इंदूरकर आणि जर्मन असा भेद नाही.

पॅकेज असं होतं: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जायचं, .300 विंचेस्टर मॅग्नम रायफल तिथेच भाड्याने मिळणार, वर मोठी दुर्बीण, कुडू आणि गेम्सबॉक (तिकडची मोठ्या शिंगांची हरणासारखी जनावरं), "हजार यार्डांवरून गॅरंटीड ट्रॉफी", म्हणजे आठवण म्हणून ठेवायची शिंगं-डोकं. जनावर पडलं नाही तर पैसे परत. पैसे तीन हप्त्यांत गेले. आधी स्लॉटचे, मग रायफलीचे, मग ट्रॉफीची अनामत. चौथ्यांदा "अँटी-पोचिंग क्लिअरन्स" नावाची फी आली तेव्हा आप्पांनी कागद माझ्यापुढे ठेवले.

माझं काम कर सल्लागाराच्या ऑफिसात, त्यामुळे माझी नजर आधी पावत्यांवर गेली. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला 1 ऑक्टोबर 2020 पासून गिऱ्हाइकाकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर) वसूल करून त्याच्या पॅनवर जमा करावा लागतो. आप्पांचं 26एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडलं, तिथे एक रुपया नाही. पावतीवर जीएसटी नंबर नाही. ज्या खात्यात पैसे गेले ते कोणा बाईच्या नावाचं साधं बचत खातं, शाखा दुसऱ्याच राज्यातली.

मग तारखा. नामिबियात ट्रॉफी शिकारीचा हंगाम 1 फेब्रुवारीला सुरू होतो आणि 30 नोव्हेंबरला बंद होतो. नाताळच्या सुट्टीत जे विकलं जात होतं ते त्या देशात त्या दिवसांत होतच नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ जण वाचतील.

फोटो तर मी मोठे करकरून पाहिले. एकात खाकी टोपीतला माणूस कुडूच्या शिंगांना धरून बसलाय, मागे उघडी जीप. जीपचं स्टिअरिंग डावीकडे. नामिबियात गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं. टोपीवरची अक्षरंही उलटी. फोटो आरशासारखा पलटून लावला होता, म्हणजे शोधून सापडू नये. मी तो पुन्हा पलटला, शोध घेतला, तर तो नामिबियातल्या एका शिकार फार्मचा निघाला. त्यांना ई-मेल केली. दुसऱ्या दिवशी उत्तर: भारतात आमचा कोणी एजंट नाही.

"हजार यार्ड" हा प्रकार काय असतो, ते आमच्या ओळखीच्या महूच्या निवृत्त सुभेदारांनी समजावलं. त्यांचं आयुष्य रायफलीत गेलं. ते म्हणाले, "सूनबाई, मॅग्नम झाली म्हणून गोळी सरळ रेषेत जात नाही." 180 ग्रेनची गोळी या रायफलीतून सेकंदाला सुमारे 2960 फुटांनी सुटते. दोनशे यार्डांवर नेम बसवलेला असेल तर पाचशेवर ती तीन फुटांहून जास्त खाली येते, हजारावर वीस फुटांहून जास्त. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तेवढ्या अंतरात तिला दोन मीटरच्या आसपास ढकलतो. आणि पोचायला दीड सेकंद लागतो. तेवढ्यात जनावराने एक-दोन पावलं टाकली की काळजावर बसायची गोळी पोटात बसते. तिचा जोरही तोवर निम्म्याहून कमी झालेला असतो. पोटात गोळी लागलेलं जनावर झुडपात शिरून तासन् तास तडफडतं, आणि ते शोधणं ही सगळ्या शिकारीतली वाईट वेळ. नवख्या म्हाताऱ्या माणसाला हजार यार्डांची हमी देणाऱ्याला जनावराचीही फिकीर नाही आणि माणसाचीही. सुभेदार हे सांगताना फार चिडले होते.

त्यांनीच आणखी एक खूण सांगितली. आफ्रिकेतल्या खऱ्या करारात एक कलम बहुधा असतंच: जखमी होऊन निसटलेलं जनावर मारलं असंच धरलं जातं आणि पूर्ण ट्रॉफी फी भरावी लागते. रायफलीचं भाडं दिवसावर, काडतुसांचे पैसे वेगळे, आणि हा हिशेब सहसा तिथे गेल्यावर होतो. आमच्या कागदावर जखमी जनावराचा शब्दसुद्धा नव्हता. उलट "पडलं नाही तर पैसे परत". वाचायला किती बरं वाटतं!

पैसे परत मागितल्यावर त्याचा सूर बदलला. व्हॉट्सॲपवर आप्पांना लिहिलं, "काका, शिकारीसाठी पैसे दिलेत तुम्ही. वनविभागाला कळवलं तर धाड पडेल, रायफल जप्त होईल. गप्प बसा." आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. रायफलीचं कपाट दोनदा उघडून बंद केलं. त्याचा सगळा धंदाच या भीतीवर उभा आहे. शिकार म्हटलं की आपण आधीच अर्धे गुन्हेगार, असं वाटून माणसं तक्रार करत नाहीत. समाजात बोभाटा होईल ही भीती वेगळीच.

तर नीट समजून घ्या. 1972 चा कायदा भारतातल्या शिकारीसाठी आहे. ज्या देशात शिकार कायदेशीर आहे तिथे परवान्याने जाण्यासाठी पैसे भरणं हा त्या कायद्याखाली गुन्हा नाही. गुन्हा त्याने केलाय: फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. आणि धमकी देऊन गप्प बसवणं, तो वेगळा.

आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, मग सगळे कागद घेऊन ठाण्यात गेलो. शेवटच्या हप्त्यातले साठ हजार एका खात्यात अडकवून ठेवता आले, बाकीचे पुढच्या खात्यांतून केव्हाच निघून गेले होते. जितक्या लवकर 1930 लावाल तितकं जास्त हाती लागतं. आप्पांचा जबाब झाला. अधिकाऱ्याने रायफलीचा परवाना पाहिला, ठीक आहे म्हणाले आणि परत दिला.

राजेंद्रनगरातल्या आणि रामबागेतल्या निदान दोन घरांनी याच माणसाला पैसे दिलेत, हे आता आम्हाला कळलंय. ते बोलायला तयार नाहीत. त्यांना माझी विनंती आहे की व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका, बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा आणि तक्रार द्या. आप्पा तुमच्याबरोबर ठाण्यात यायला तयार आहेत.