बक्षीस कोणत्या लेखाला द्याल?

ठाण्यातल्या आमच्या वाचनकट्ट्याने यंदा राजकारणातल्या स्त्रियांवरच्या उत्तम वृत्तलेखाला छोटंसं बक्षीस द्यायचं ठरवलं. शेवटी दोन लेख उरले आणि आम्हा परीक्षकांत दोन तट पडले. तुमच्यावर कधी अशी निवड करायची वेळ आलीच तर म्हणून दोन्ही शेजारी ठेवते.

पहिला लेख म्हणजे एका नगरसेविकेचं व्यक्तिचित्र. पहाटे पाचला उठणं, डबे, सासूबाईंची औषधं, मग प्रभागात फेरी. लिहिलंय सुरेख, मी एका दमात वाचला. पण बाई महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, कशावर बोलल्या, नगरसेवक निधी कुठे गेला, काही कळलं नाही. 'घर सांभाळून' मात्र तीनदा आलंय. (पुरुष नगरसेवकाचं घर कोण सांभाळतं, ते कुणी विचारत नाही!)

दुसरा रुक्ष. विषय एका नगरसेविकेच्या प्रभागातलं पाणी. महासभेच्या इतिवृत्तातून बाईंनी विचारलेले प्रश्न काढलेत, त्यावर पुढे काय झालं तेही. मग येतो वादाचा परिच्छेद: कार्यालयातला फोन पतीच घेतात, ठेकेदारही त्यांनाच भेटतात.

एका परीक्षकांची कसोटी सोपी होती. बाईच्या जागी पुरुषाचं नाव घाला, वाक्य विचित्र वाटलं तर लेख बाद. पहिला तिथेच पडतो. पण या कसोटीवर दुसऱ्यातला पतीचा परिच्छेदही पडतो, आणि मला नेमकं तेच पटत नाही. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत, ठाणे महापालिकेत १३१ पैकी ६६. तिथे खुर्ची कुणाची आणि कारभार कुणाचा, हे मतदाराला कळायला नको? कुजबुज छापली असती तर मीही लेख बाजूला ठेवला असता. इथे बातमीदार स्वतः कार्यालयात जाऊन बसला, बाईंना थेट विचारलं आणि त्यांचं उत्तर न कापता दिलं.

निवडणुकीच्या बातम्यांना वेगळा गज लागतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत नवी मुंबईतल्या बेलापुरात भाजपच्या मंदा म्हात्रे ३७७ मतांनी जिंकल्या. 'ताईंचा निसटता विजय' एवढ्यावर थांबणारी बातमी एकीकडे ठेवा. दुसरीकडे अशी बातमी ठेवा, जी सांगते की २०१४ मध्ये त्यांनी नवी मुंबईतले बडे नेते गणेश नाईक यांना हरवलं होतं, या वेळी नाईकांच्या मुलाला, आणि त्याच वेळी वडील शेजारच्या ऐरोलीत म्हात्रेंच्याच पक्षाचे उमेदवार होते. राजकारण दुसरीत आहे.

एक सावधगिरी: नवी मुंबईत मे २०२० नंतर आणि ठाण्यात मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, सरकारने नेमलेले प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळातल्या लेखाकडे महासभेचा हिशेब मागू नका, आधीच्या कार्यकाळाचा मागा.

दुसऱ्या लेखात उणीव आहेच. बाई माणूस म्हणून दिसतच नाहीत, फक्त खुलासा देताना बोलतात. तरी माझं मत त्यालाच. पहिल्याच्या लेखिकेला मी फोन करणार आहे. भाषा तिच्याकडे आहे, एकदा महासभेच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसायला हवं.