व्हिएन्ना १८१५ की व्हर्साय १९१९?
म्हापशाच्या बाजारातून परतताना बसमध्ये आमचा वाद रंगला: हरलेल्याशी तह कुठला बरा? नेपोलियनच्या पराभवानंतरच्या व्हिएन्ना परिषदेत हरलेल्या फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेरां थेट वाटाघाटींत बसला. नेपोलियन परतून वॉटर्लूला पुन्हा हरल्यावर फ्रान्सला ७० कोटी फ्रँक दंड झाला खरा, पण १८१८ मध्ये परक्या फौजा निघूनही गेल्या.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायला हरलेल्या जर्मनीला चर्चेला बसवलंच नाही. मसुदा हातात दिला, लेखी हरकती तेवढ्या मागितल्या. तहाच्या कलम २३१ने युद्धातल्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी नि तिच्या दोस्तांवर. १९१४च्या वणव्यात ऑस्ट्रिया, रशिया, सर्बिया यांनीही फुंकर घातलीच होती की! १९२१ मध्ये भरपाईचा १३२ अब्ज सुवर्णमार्कांचा आकडा आला. मला व्हिएन्नाच शहाणी वाटते, तिथे पोलंडचे लचके तोडले तरी.

आणि आमचा गोवा? तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात, म्हणून १९१९ला विजेत्यांच्या पंगतीत. पोर्तुगालच्या पानात पडलं जर्मनीकडून काढून घेतलेलं आफ्रिकेतलं चिमुकलं कियोंगा.