आखातात न्यायची चटणी : विश्रामबागेतील एक कांडप

सांगली-मिरज रस्त्यावरून विश्रामबागेत आत वळले की एका जुन्या बैठ्या घराच्या पडवीत चालणारे मिरची-मसाल्याचे कांडप लागते. दारावर ‘मिरची व मसाला कांडप’ एवढीच पाटी आहे आणि काका, काकू व त्यांचा मुलगा मिळून ते चालवतात. मी नोकरीनिमित्त शारजात राहतो आणि आमच्या घरची वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, गेली काही वर्षे येथूनच करून नेतो. अमिराती, सौदी अरेबिया किंवा कतारमध्ये राहणाऱ्या आपल्या भागातील माणसांनी चटणी कोठून न्यावी, असे कोणी विचारले तर मी हीच जागा सांगतो. चव उत्तम आहेच, पण तिच्याही आधी मला महत्त्वाचा वाटतो तो येथे ऑर्डर लिहून घेण्यापूर्वी विचारला जाणारा प्रश्न. “चटणी इथंच खायची, का तिकडं न्यायची?” असे काकू विचारतात आणि तिकडे न्यायची असेल तर कोणत्या देशात, हेही वहीत नोंदवतात.

हा प्रश्न खसखशीसाठी असतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात अनेक घरांत चटणीत खसखस घालतात, कारण भाजून कुटलेल्या खसखशीने रश्श्याला दाटपणा येतो आणि मिरचीचा झणका थोडा निवतो. आपल्याकडे ती कोणत्याही वाण्याकडे मिळते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि खसखस म्हणजे त्या अफूच्या बोंडातील बी. आखाती देशांत मात्र तिच्यावर बंदी आहे. बोंडाच्या चिकात मॉर्फिन असते आणि त्याचा अंश बियांवर राहू शकतो, म्हणून तेथील कायदा खसखशीकडे स्वयंपाकाचा जिन्नस म्हणून पाहत नाही. ज्याचे तेथील राहणे, घराचा भाडेकरार, बँकेचे खाते आणि मुलांची शाळा हे सगळे एका व्हिसावर उभे आहे, त्याने मूठभर खसखशीसाठी सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर उभे राहण्याची वेळ स्वतःवर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरातील दुसऱ्या एका कांडपावर मी ही अडचण सांगितली, तेव्हा कुटल्यावर ती कोणाला दिसते, असे उत्तर मला मिळाले होते. डोळ्यांना दिसणार नाही हे खरे असले, तरी पकडले जाण्याची शक्यता किती, यावर ज्याची नोकरी तेथे आहे त्याने हिशोब मांडावा, ही अपेक्षाच मला अयोग्य वाटते.

विश्रामबागेतील या कांडपावर हा विचार शेवटपर्यंत नेलेला आहे. चटणीच्या यादीतून खसखस काढून टाकणे सोपे असते. पण आधीच्या गिऱ्हाईकाची खसखस घातलेली चटणी ज्या डंखात, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या मुसळ-उखळीत कुटली, त्याच डंखात लगेच आपली कुटली तर यादीतून काढण्याला फारसा अर्थ राहत नाही. म्हणून येथे आखातात जाणाऱ्या सगळ्या ऑर्डरी आठवड्यातील ठरलेल्या एका दिवशी सकाळी पहिल्यांदा घेतात. आदल्या संध्याकाळी डंखाची मुसळे आणि उखळ्या ब्रशने घासून काढतात, नंतर त्यात कोरडे तांदूळ आणि खडे मीठ कुटतात व ते टाकून देतात. भाजायची कढई आणि चाळण यांचा वेगळा संच ठेवलेला आहे आणि त्यावर तेलरंगाने खूण केलेली आहे. ही प्रयोगशाळेने दिलेली हमी नव्हे, आणि काकाही तसा दावा करत नाहीत. परंतु एका घरगुती कांडपाने जेवढी काळजी घेणे शक्य आहे तेवढी येथे घेतली जाते, हे मी समोर उभे राहून पाहिलेले आहे.

आता चवीविषयी. खसखस काढल्यावर चटणीचा बांधा हलका होतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी बरेच जण डाळे मिसळतात. डाळ्याने रस्सा दाट होतो हे खरे, पण त्याला पिठूळपणा येतो आणि दुसऱ्या दिवशी तो आटून बसतो. येथे डाळे अजिबात घालत नाहीत. त्याऐवजी पांढऱ्या तिळाचे प्रमाण वाढवतात, तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजतात आणि धनेही नेहमीपेक्षा थोडे जास्त घेतात. रंगासाठी बेडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी, असा मिरचीचा मेळ असतो. कमी तिखट खाणाऱ्यांना बेडगी वाढवून देतात. बेडगी मिरचीला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून त्या नावाखाली काहीही विकण्याचे प्रकार थांबले असे नाही, म्हणून काका सुरकुतलेली, गडद लाल मिरची गिऱ्हाईकासमोर मोडून दाखवतात. हळकुंडे अर्थातच सांगलीच्या बाजारातील असतात. लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, जायपत्री, नागकेशर, मसाला वेलची हे जिन्नस प्रत्येकी वेगळे, थोड्या तेलावर भाजले जातात. सगळे एकदम कढईत टाकण्याचा उतावळेपणा येथे नाही, आणि चटणीचा वास डब्याचे झाकण उघडताच ज्या क्रमाने येतो त्यावरून तो फरक कळतो.

डंखावर कुटलेल्या आणि चक्कीवर दळलेल्या चटणीतील भेदही येथे नीट अनुभवता येतो. चक्कीच्या पात्यांत मसाला तापतो आणि त्यातील सुगंधी तेल उडून जाते. डंखात तो ठेचला जातो, थोडा भरड राहतो आणि कमी तापतो. शारजातल्या बंद स्वयंपाकघरात या गोष्टीला आणखी एक महत्त्व येते. उंच इमारतींतील घरांना खिडक्या असल्या तरी उन्हाळ्यात त्या महिनोन्‌महिने बंद असतात, वातानुकूलन यंत्र चालू असते आणि मिरचीच्या फोडणीचा खकाणा घरभर फिरून शेवटी जिन्याच्या मोकळ्या जागेत जातो. चटणीतले मसाले आधीच नीट भाजलेले असले की तेलात ती फार वेळ परतावी लागत नाही. आच बंद करून गरम तेलात चटणी घातली आणि लगेच पाणी ओतले, तरी तर्री चांगली सुटते आणि शेजाऱ्याच्या दारापर्यंत ठसका जात नाही.

माझ्या मते या कांडपाचे खरे कौशल्य टिकाऊपणात आहे. आखातात कुटुंबाशिवाय राहणारी आपली मुले बहुधा एका खोलीत चार-सहा जणांसोबत राहतात, स्वयंपाकघर सगळ्यांचे एकच असते आणि फ्रिजमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला एखादा कप्पा येतो. मीही आरंभीची वर्षे तशीच काढलेली आहेत. बांधकामावर किंवा देखभालीच्या कामावर जाणारा माणूस पहाटे बसमध्ये बसतो. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 पर्यंत उघड्यावरील उन्हातले काम बंद ठेवावे लागते, त्या सक्तीच्या विश्रांतीत तो डबा उघडतो, आणि डब्यात पाळीने स्वयंपाक करणाऱ्याने रांधलेले तेच डाळ-भात असते. अशा जेवणाला चमचाभर चटणीने जी गोडी येते, ती ज्याने अनुभवली आहे त्याला चटणी खराब झाल्याचे दुःख वेगळे सांगावे लागत नाही. खोबरे हे चटणी बिघडण्याचे मोठे कारण आहे. खोबऱ्यातील तेल उष्णतेने खवट होते, आणि दुबई-शारजाचा किनारा उन्हाळ्यात जितका तापतो तितकाच दमटही असतो. त्यामुळे हे कांडप दोन प्रकारची चटणी करते. ज्यांच्या घरात स्वतःचा फ्रिज आहे, त्यांना खोबरे घातलेली देतात आणि ती तीन-चार महिन्यांत संपवण्यास सांगतात. सामाइक खोलीत राहणाऱ्यांना बिनखोबऱ्याची देतात आणि रस्सा करताना तिकडेच खोबरे भाजून वाटून घालावे, असे सुचवतात. कांदा उन्हात वाळवून, नंतर तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळूनच कुटला जातो, लसणाचेही पाणी पूर्ण आटवले जाते. माझ्याकडील बिनखोबऱ्याच्या चटणीला वर्षभरात बुरशी किंवा जाळी लागलेली नाही.

दुसरी अडचण हंगामाची. आपल्याकडे चटणी चैत्र-वैशाखाच्या उन्हात होते, तर तिकडच्या शाळांना मोठी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि बहुतेक कुटुंबे तेव्हाच गावी येतात. त्या दिवसांत सांगलीत पावसाची झड लागलेली असते आणि कृष्णेच्या पातळीकडे सगळ्यांचे लक्ष असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर गणपती पेठेसारखी मुख्य बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. अशा हवेत वाळवलेल्या मिरचीची चटणी कोणी दिली तर ती घेऊ नये. या कांडपावर एप्रिल-मेमध्ये मिरची, कांदा आणि लसूण वाळवून पत्र्याच्या डब्यांत बंद करून ठेवतात आणि गिऱ्हाईक गावी आल्यावर, परतण्याच्या आठवडाभर आधी कुटून देतात. त्यामुळे चटणी उन्हाळ्याच्या वाळवणाची असते आणि कुटणी ताजी असते. आखाती गिऱ्हाइकांचे वेळापत्रक समजून कामाची पद्धत बदललेले दुसरे कांडप मला या भागात आढळले नाही.

बांधणीही विचारपूर्वक केलेली असते. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, दोन्हींची तोंडे यंत्राने बंद केलेली, आणि त्यावर पुठ्ठ्याचे खोके. मिरचीपूड हातातील सामानात विमानतळावर रोखली जाते, म्हणून ती चेक-इन करण्याच्या मोठ्या बॅगेतच ठेवावी, हे ते न विसरता सांगतात. अख्ख्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र विमानाच्या सामानात नेऊ नयेत, असेही ते बजावतात, आणि ते बरोबर आहे. सुके खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत गणले जाते आणि विमान कंपन्या ते बॅगेतून बाहेर काढायला लावतात. बिनखोबऱ्याची चटणी नेणाऱ्यांनी म्हणून खोबरे तिकडच्या दुकानातूनच घ्यावे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पिशवीसोबत जिन्नसांची छापील यादी देतात, पण ती केवळ मराठीत आहे. दुबईच्या किंवा दोह्याच्या विमानतळावर बॅग उघडली गेली तर त्या यादीचा अधिकाऱ्याला काहीच उपयोग नाही. इंग्रजी आणि अरबीत तीच यादी, तिच्याखाली खसखस नसल्याचे एक स्पष्ट वाक्य आणि कुटल्याची तारीख, एवढे छापून घेणे फार खर्चाचे नाही आणि ते लवकर व्हावे, असे मी त्यांना सांगितलेले आहे. दुसरे असे की मे महिन्यात येथे स्थानिक गिऱ्हाइकांची इतकी गर्दी असते की फोन उचलला जात नाही, आणि सांगितलेल्या दिवशी चटणी तयार नसल्याचा अनुभव मला आलेला आहे. विमानाचे तिकीट ठरलेल्या माणसासाठी दोन दिवसांचा उशीरही मोठा असतो. परदेशी थेट पार्सल पाठवण्याची सोय नाही, याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. अन्नपदार्थांचे पार्सल वाटेत अडकण्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवणे आपल्या लोकांत रुजलेलेच आहे. मिरजेत शिकून सौदीला गेलेल्या आमच्या नात्यातील एका परिचारिकेची चटणी दर वेळी तिच्या गावाकडच्या कोणाच्या तरी बॅगेतून जाते, आणि ती देशाचे नाव सांगून केलेली असल्याने नेणाऱ्यालाही संकोच वाटत नाही.

येथील दर बाजारातील घरगुती चटणीपेक्षा थोडा जास्त आहे, कारण वेगळ्या साफसफाईचे पैसे त्यात धरलेले असतात. आपले जिन्नस भाजून नेले आणि फक्त कुटून घेतले तर स्वस्त पडते. पण आखाती ऑर्डरीसाठी ते बाहेरून भाजून आणलेले जिन्नस घेत नाहीत, आणि कढईविषयीची त्यांची दक्षता पाहता तो नियम मला योग्य वाटतो. ज्यांना महिन्यातून एखाद्या वेळी मिसळ किंवा अंडाकरी करायची असते, त्यांनी एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. दुबईतील बर दुबई आणि करामा या भागांत भारतीय किराणा दुकाने भरपूर आहेत, तेथे तयार कांदा-लसूण मसाल्याची पाकिटे मिळतात आणि ती गरज भागवतात. मात्र ज्या घरात आठवड्याची सुटी म्हणजे मटणाचा रस्सा हे समीकरण आहे, त्यांनी ही चटणी अवश्य न्यावी. 1 जानेवारी 2022 पासून अमिरातीत सरकारी सुटी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर आली आणि माझ्या कंपनीनेही ती पाळली, तेव्हापासून आमच्याकडे रस्सा रविवारी शिजतो, सांगलीतल्या घरी शिजतो त्याच दिवशी. त्या रश्श्याची चव आईच्या हातच्या चवीच्या जवळ जाते, असे पत्नीनेही मान्य केलेले आहे.

जुलैत गावी येणाऱ्यांनी एप्रिलच्या अखेरीपर्यंत सांगून ठेवावे, म्हणजे वाळवणात आपला वाटा धरला जातो. सांगताना देशाचे नाव, फ्रिज स्वतःचा की सामाइक, आणि परतीची तारीख या तीन गोष्टी द्याव्यात, आणि तारीख प्रत्यक्षापेक्षा तीन-चार दिवस आधीची सांगावी.